टिकटिक न करणारी जुनी घड्याळे

मनगटी घड्याळ कानाशी धरले की टिकटिक ऐकू येणार, हे आपण इतके गृहीत धरलेले असते की ती ऐकू आली नाही तर घड्याळ बंद आहे असेच वाटते. १९६० साली विक्रीला आलेले बुलोव्हा कंपनीचे ॲक्युट्रॉन मात्र चालू असतानाही टिकटिक करत नाही. बंद खोलीत कुठेतरी भुंगा अडकला असावा तशी बारीक, अखंड गुणगुण त्यातून येत राहते आणि सेकंदकाटा ठेके न घेता सलग सरकत जातो. ही गुणगुण ३६० हर्ट्झ वारंवारतेची असते. संवादिनीच्या मधल्या सप्तकात ती शोधायला गेलात, तर पांढरी चार आणि काळी तीन यांच्या जवळजवळ मधोमध पडते, म्हणजे कोणत्याच पट्टीवर सापडत नाही. जुन्या इलेक्ट्रॉनिक घड्याळांच्या नादी लागलेल्या बऱ्याच जणांची सुरुवात या आवाजापासूनच होते; माझीही तशीच झाली.

‘जुने इलेक्ट्रॉनिक घड्याळ’ या एका नावाखाली खरे तर वेगवेगळ्या जातींची यंत्रे येतात आणि समोर कोणती जात आहे हे न ओळखता झाकण उघडणे ही या छंदातली सर्वांत महाग पडणारी चूक असते. चावीच्या घड्याळाचा एखादा भाग मोडला, तर हाताला वळण असलेला घड्याळजी तो लेथवर नव्याने घडवू शकतो. दोनशे वर्षांपूर्वीची खिशातली घड्याळे आजही चालतात ती त्यामुळेच. इलेक्ट्रॉनिक घड्याळाचे तसे नाही. त्याची काच, केस म्हणजे बाहेरचे कवच, पट्टा, तबकडी, काटे हे सगळे उजळता येते, पण आतली चिप जळली किंवा केसाहून बारीक तारेची कॉइल तुटली, तर घरच्या टेबलावर ती नव्याने घडवण्याची सोय नाही. म्हणून येथे दुरुस्तीच्या आधी तपासणी येते, आणि या कामातले निम्म्याहून अधिक कौशल्य त्या तपासणीतच असते.

पहिली जात केवळ विजेवर चालणाऱ्या घड्याळांची. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथील हॅमिल्टन कंपनीने ३ जानेवारी १९५७ रोजी आपले ‘इलेक्ट्रिक’ घड्याळ जाहीर केले. त्यात चावीची स्प्रिंग जाऊन सेल आला, तरी झुलणारे बॅलन्स व्हील कायम राहिले. या बॅलन्सवरच कॉइल बसवलेली होती. प्रत्येक झोक्याला एक बारीक तार टेकून क्षणभर प्रवाह जुळायचा आणि चुंबकाच्या बळाने बॅलन्सला पुढचा धक्का मिळायचा. दिवसातून लाखो वेळा जुळणारा आणि तुटणारा हा संपर्क घासतो, त्यावर ठिणगीने काजळी धरते, तार किंचित वाकली तरी सगळे बिघडते, त्यामुळे ही घड्याळे दुरुस्तीला येत ती बहुतेक याच कारणाने. रिचर्ड आर्बिब यांनी रेखाटलेल्या ‘व्हेंच्युरा’ या तिरप्या त्रिकोणी केसमुळे संग्राहक आजही त्यांच्या मागे असतात, पण माझ्या मते त्यातले यंत्र पाहण्यासाठी अधिक आणि वापरण्यासाठी कमी आहे.

हा संपर्कच काढून टाकण्याची युक्ती स्विस अभियंते माक्स हेट्झेल यांनी शोधली. बुलोव्हाच्या स्वित्झर्लंडमधील बील या गावच्या कारखान्यात काम करताना त्यांनी बॅलन्स पूर्णपणे बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा नादकाटा बसवला, फक्त तो अंगठ्याच्या पेराएवढा केला. नादकाट्याच्या दोन्ही टोकांना वाटीच्या आकाराची चुंबके असतात आणि प्रत्येक वाटीत एक स्थिर कॉइल शिरलेली असते. काटा हलला की चुंबक हलते आणि कॉइलमध्ये किंचित विद्युतदाब निर्माण होतो. तो दाब ओळखून एकुलता एक ट्रान्झिस्टर नेमक्या क्षणी सेलचा प्रवाह सोडतो आणि काट्याला पुढची चालना मिळते. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला तो मागे येऊन वळत असतानाच हलकेच ढकलावे, तसे हे सेकंदाला ३६० वेळा चालते. दिवसाला ही कंपने ३ कोटी ११ लाखांवर जातात. महिन्याला एका मिनिटाच्या आत चूक, अशी हमी बुलोव्हाने दिली होती. त्या काळच्या चांगल्या चावीच्या घड्याळालाही ते अवघड होते.

आता खरा पेच पुढे आहे. काटा कितीही नेमका थरथरला तरी त्या थरथरीतून तासकाटा फिरवायचा कसा? नादकाट्याच्या एका पायाला एक बारीक पट्टी जोडलेली असते आणि तिच्या टोकाशी माणकाचा इवलासा चौकोनी तुकडा असतो. काटा पुढे झुकला की हे माणिक इंडेक्स व्हील नावाच्या चाकाचा एक दाता ढकलते, आणि मागे सरकला की दात्यांवरून घसरत परत येते. त्या वेळी चाक उलटे फिरू नये म्हणून दुसऱ्या एका स्थिर पट्टीचे माणिक त्याला अडवून धरते. या चाकाचा व्यास २.४ मिलिमीटर, आणि तेवढ्यात दाते ३००. हिशेब केला तर एका दात्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढे येते. नुसत्या डोळ्यांना हे दाते दिसत नाहीत, कडा गुळगुळीत वाटते. घड्याळजीच्या नेहमीच्या भिंगातूनही फार तर एक चकाकी दिसते. दाते खरोखर पाहायचे तर सूक्ष्मदर्शकच लागतो, आणि तो न घेता या घड्याळाला हात घालू नये असे मी नवख्यांना नेहमी सांगतो.

नादकाटा प्रत्येक झोक्याला किती अंतर जातो, हे नेमके एका दात्याएवढे ठेवणे अशक्य आहे; सेल नवा-जुना होतो, हात हलतो, थंडी-उष्णता असते. हेट्झेल यांच्या रचनेतले चातुर्य इथे दिसते. अडवणारे माणिक ढकलणाऱ्या माणकाच्या तुलनेत अर्ध्या दात्याच्या फरकाने बसवलेले असते. या अर्ध्या दात्यामुळे असे होते की झोका एका दात्यापेक्षा थोडा जास्त असो की तीन दात्यांपेक्षा थोडा कमी, चाक निव्वळ एकच दाता पुढे जाते. सर्वसाधारण झोका दोन दात्यांच्या आसपास ठेवला की दोन्ही बाजूंना भरपूर वाव राहतो. अडवणाऱ्या पट्टीची ही जागा बारीक स्क्रूने जुळवतात आणि या कामाला फेजिंग म्हणतात. ती जागा बिघडली की हा वाव आपोआप आक्रसतो.

हे एवढे तपशिलात सांगण्याचे कारण म्हणजे सेलचा तो बहुचर्चित प्रश्न. ॲक्युट्रॉन बनले तेव्हा पाऱ्याचे सेल मिळत आणि ते १.३५ व्होल्टचा अगदी स्थिर दाब देत. पारा विषारी असल्याने १९९० च्या दशकात अनेक देशांनी असे सेल बंद केले. आज त्याच मापाचा चांदीच्या ऑक्साइडचा सेल बसतो, पण त्याचा दाब १.५५ व्होल्ट असतो. या घड्याळात काट्याचा झोका सेलच्या दाबाच्या प्रमाणात वाढतो, कारण हलत्या चुंबकांनी कॉइलमध्ये निर्माण होणारा उलटा दाब सेलच्या दाबाजवळ पोहोचेपर्यंतच काट्याला बळ मिळते. दाब सुमारे १५ टक्क्यांनी वाढला, तर दोन दात्यांचा झोका २.३ दात्यांवर जातो. फेजिंग ठीक असेल तर हा झोका तीनच्या आतच राहतो आणि घड्याळ मुकाट चालते. ते बिघडलेले असेल तर मात्र चाक मधूनमधून जादा दाते उडवते आणि घड्याळ सुसाट पुढे पळते. त्यामुळे ‘नव्या सेलने माझे घड्याळ बिघडले’ या तक्रारीत दोष सेलचा थोडा आणि पन्नास वर्षे न जुळवलेल्या पट्टीचा जास्त असतो. फेजिंग जुळवूनही घड्याळ पळत असेल तरच दाब उतरवणारा डायोड घातलेला सेल वापरावा.

तपासणीची पहिली पायरी याच रचनेतून सुचते. गुणगुण येते पण काटे हलत नाहीत, याचा अर्थ विजेची बाजू जिवंत आहे आणि अडचण माणिक, दाते किंवा वाळून चिकट झालेल्या तेलाची आहे. हे घड्याळ बहुधा वाचते. नवा सेल घालूनही गुणगुणच नाही, तर संशय कॉइलवर किंवा ट्रान्झिस्टरवर जातो. कॉइलची तार ०.०१५ मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी, आणि अशा तारेचे एकेका कॉइलवर सुमारे ८,००० वेढे असतात. गळलेल्या सेलच्या क्षाराने ही तार आतल्या आत खाल्ली जाते. कधी कधी तर क्षाराचीही गरज पडत नाही. मी सोडवायला घेतलेल्या दुसऱ्याच ॲक्युट्रॉनमध्ये माझा स्क्रू-ड्रायव्हर खाचेतून निसटला आणि कॉइलवरून जेमतेम ओरखडा काढून थांबला. डोळ्यांना काही दिसले नाही, पण घड्याळ गप्प झाले ते झालेच. मल्टिमीटर लावला तर तार तुटल्याचे स्पष्ट झाले. त्या दिवसापासून स्क्रू सोडवताना कॉइलवर जाड प्लॅस्टिकचा कापलेला तुकडा झाकून ठेवण्याची सवय लागली. बदली कॉइल मिळवण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे केस गंजलेले पण कॉइल शाबूत असलेले दुसरे घड्याळ विकत घेणे.

चावीच्या घड्याळांवर हात बसलेल्या कारागिराकडून होणारी चूक वेगळीच असते. घड्याळ पुढे पळू लागले की त्याला चुंबक लागले असेल असे समजून ते चुंबकत्व काढण्याच्या यंत्रावर धरायचे, ही त्याची नेहमीची रीत असते आणि चावीच्या घड्याळासाठी ती योग्यही आहे. नादकाट्याच्या घड्याळात मात्र चुंबक हाच प्राण असल्याने ते तेथे कधीही धरू नये. लोखंडी चिमटाही टाळावा. वाटीतले चुंबक त्याला अचानक खेचते आणि चिमट्याचे टोक नेमके इंडेक्स व्हीलवर आदळते. पितळी चिमटा वापरला की हा धोका राहत नाही.

घड्याळ कोणत्या सालचे आहे हे मागच्या झाकणावरून कळते. बुलोव्हाने तेथे एक अक्षर आणि एक अंक कोरलेला असतो. ‘एम’ म्हणजे १९६० चे दशक आणि ‘एन’ म्हणजे १९७० चे, त्यामुळे एम ४ हे १९६४ चे आणि एन २ हे १९७२ चे. २१४ क्रमांकाच्या पहिल्या यंत्राला बाजूची चावी नसते, वेळ लावण्याची घडीची मूठ पाठीवर असते; १९६५ पासून आलेल्या २१८ मध्ये नेहमीची चावी परत आली. संग्राहकांना सर्वाधिक मोह ‘स्पेसव्ह्यू’चा पडतो. यंत्र कसे चालते हे दाखवण्यासाठी दुकानदारांना तबकडीविना नमुने दिले होते, गिऱ्हाइकांनी तेच मागितले आणि कंपनीने ते विकायला सुरुवात केली. तबकडी नसणे हेच त्याचे वैशिष्ट्य असल्याने नकली स्पेसव्ह्यू बनवणे फार सोपे आहे: साध्या ॲक्युट्रॉनची तबकडी काढली की झाले. म्हणून झाकणावरचे साल, केसचा प्रकार, काट्यांचा आकार आणि काचेवरच्या खुणा हे सगळे एकमेकांशी जुळते का, ते पाहिल्याशिवाय स्पेसव्ह्यूची जास्तीची किंमत मोजू नये. मॉस्कोच्या कारखान्यातील ‘स्लावा ट्रान्झिस्टर’ हे या यंत्राचे सोव्हिएत रूप. अधिक मजबूत पर्याय हवा असेल तर हेट्झेल यांनीच पुढे आखलेले ३०० हर्ट्झचे यंत्र असलेले ओमेगा एफ ३०० पाहावे.

नादकाट्याचे राज्य जेमतेम दशकभर टिकले. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोने टोकियोत क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन विक्रीला ठेवले. सोन्याच्या केसमधल्या या घड्याळाची किंमत साडेचार लाख येन, म्हणजे तेव्हाच्या एका टोयोटा कोरोलाएवढी होती आणि चूक महिन्याला फक्त ५ सेकंद. त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक ८,१९२ हर्ट्झने कंप पावत असे. पुढे सगळ्या उद्योगाने ३२,७६८ हा आकडा स्वीकारला, कारण तो १५ वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो. गंमत अशी की आज आपल्या भिंतीवरच्या आणि मनगटावरच्या स्वस्त घड्याळांतला हा स्फटिकही सूक्ष्म नादकाट्याच्याच आकारात कापलेला असतो, फक्त त्याचा आवाज आपल्या कानांच्या पलीकडचा.

क्वार्ट्झनंतर काटेच नको असा विचार पुढे आला. हॅमिल्टनचे लाल आकड्यांचे ‘पल्सार’ १९७० साली दाखवले गेले आणि एप्रिल १९७२ मध्ये १८ कॅरट सोन्याच्या केसमध्ये २,१०० डॉलरला विकले जाऊ लागले. एलईडी वीज इतकी खातात की आकडे सतत पेटते ठेवणे शक्यच नव्हते; बटण दाबले की क्षणभर उजळायचे आणि विझायचे. म्हणजे वेळ पाहायला दोन्ही हात लागत. एका हातात भाजीची पिशवी असणाऱ्याने काय करावे, याचा विचार बहुधा कोणी केला नसावा. चार वर्षांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने प्लॅस्टिकचे एलईडी घड्याळ २० डॉलरला आणले आणि हा सगळा थाट ओसरला. पल्सार घेताना पट्ट्याची कडी जरूर उघडून पाहावी. सुरुवातीच्या पल्सारमध्ये वेळ लावायला चावी किंवा बटण नसते. कडीत लपवलेले इवले चुंबक बाहेर काढून घड्याळाच्या पाठीवर धरले की आतले स्विच जुळतात. ते चुंबक हरवलेले असेल तर घड्याळ अपुरे आहे असे समजावे. या यंत्रांमध्ये चिपपासून निघणाऱ्या सोन्याच्या अतिसूक्ष्म तारा तुटतात आणि आकड्यातील एखादी रेघ किंवा सगळाच आकडा पेटेनासा होतो. काही हौशी मंडळींनी जुन्या केसमध्ये बसणारी नवी यंत्रे तयार केली आहेत. ती बसवण्यात गैर काही नाही, पण मूळ यंत्र फेकू नये आणि विकताना बदल लपवू नये. एवढे पथ्य पाळले तर पुढच्या माणसाला काय मिळते आहे ते कळते.

महाराष्ट्रातल्या घरांतून खरी सापडतात ती याच्या पुढची, काळ्या आकड्यांची एलसीडी घड्याळे. सेइकोने १९७३ मध्ये सहा आकड्यांचे एलसीडी घड्याळ आणले, कॅसिओने १९७४ मध्ये महिन्यांचे दिवस स्वतः ओळखणारे कॅसिओट्रॉन काढले, आणि १९८० च्या दशकात आखातात नोकरीला गेलेल्या कोकणातल्या आणि मुंबईतल्या माणसांनी अशी घड्याळे भाच्या-पुतण्यांसाठी आणली. ती आज कपाटात, शिवणाच्या डब्यात, बंद पडली म्हणून बाजूला ठेवलेली मिळतात. यांतली बरीचशी मेलेली नसतात, हे सांगण्यासाठी मला पुढचा परिच्छेद हवा आहे.

एलसीडीच्या काचेवर पुढे आणि मागे ध्रुवक नावाचे पातळ पापुद्रे असतात. पहिला पापुद्रा प्रकाशाला एकाच दिशेने थरथरू देतो, मधला द्रव ती दिशा ९० अंशांत वळवतो आणि दुसरा पापुद्रा त्या वळलेल्या प्रकाशाला वाट देतो. जेथे विद्युतदाब पडतो तेथे द्रव वळवणे थांबवतो, प्रकाश अडतो आणि आकडा काळा दिसतो. पुढचा पापुद्रा उन्हाने आणि दमटपणाने सडला, तर आकडे पूर्ण अदृश्य होतात, जरी आत घड्याळ अचूक चालू असले तरी. अशा कोऱ्या दिसणाऱ्या घड्याळावर ध्रुवक काचांचा उन्हाचा चष्मा धरून तो हळूहळू फिरवावा. घड्याळ जिवंत असेल तर एका कोनात वेळ अचानक काचेवर उमटते. ज्याने हे एकदा पाहिले तो पुढे कोणतेही कोरे घड्याळ सहज भंगारात टाकत नाही. जुना पापुद्रा खरवडून, चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवा बसवता येतो. फक्त कोन ९० अंशांनी चुकला तर काळ्यावर पांढरे आकडे दिसतात. काहींना तेच आवडते. काचेच्या आत मात्र शाईसारखा काळा डाग पसरलेला असेल, तर ती गळती आहे आणि तिच्यावर इलाज नाही.

आठाच्या आकड्यातील एखादीच रेघ गायब असेल, तर दोष बहुधा झेब्रा पट्टीचा असतो. काच आणि सर्किट यांच्यामध्ये दाबून बसवलेली ही रबराची पट्टी असून तिच्यात वीजवाहक आणि वीजरोधक थर झेब्र्याच्या अंगासारखे आलटून पालटून असतात. ती चिमट्याने काढावी, तिच्या आणि काचेच्या कडा पुसाव्यात आणि पुन्हा सरळ बसवावी. आणखी एक गोष्ट सेल बदलणारेही विसरतात. नवा सेल घातल्यावर अनेक कॅसिओ आणि सेइको घड्याळांत ‘एसी’ असे लिहिलेला बिंदू सेलच्या धन बाजूशी चिमट्याने दोन सेकंद जोडावा लागतो, म्हणजे चिप पहिल्यापासून मोजू लागते. ते केले नाही तर आकडे भलतेच दिसतात किंवा काहीच दिसत नाही, आणि ‘मशीन गेले’ असा निकाल लागतो. आपल्याकडे असा निकाल लागलेल्या कितीतरी घड्याळांच्या केसमध्ये स्वस्त नवे मशीन कोंबलेले आढळते. म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात बाहेरून झकास दिसणारे घड्याळ हाती आले, तरी मागचे झाकण उघडून यंत्रावरचा क्रमांक आणि झाकणावरचा क्रमांक जुळतो का ते पाहिल्याशिवाय घासाघीस सुरू करू नये.

साफसफाई आणि दुरुस्ती संपली की ॲक्युट्रॉनची चाल लावायची राहते. २१४ मध्ये नादकाट्याच्या दोन्ही वाट्यांवर फिरवता येतील असे खाचांचे लहान पत्रे असतात. एक खाच सरकवली की दिवसाला साधारण २ सेकंदांचा फरक पडतो. टेबलावर पडलेले घड्याळ आणि मनगटावरचे घड्याळ यांची चाल थोडी वेगळी असते, कारण काट्याची टोके वर आहेत की खाली यावर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम बदलतो. त्यामुळे आठवडाभर नेहमीसारखे हातात घालावे, रोज रात्री फोनच्या वेळेशी ताडून वहीत लिहावे आणि मगच खाच हलवावी. आणि घड्याळ महिनाभर वापरायचे नसेल तर सेल काढून कागदाच्या पुडीत तारीख लिहून वेगळा ठेवावा, कारण मी आजवर उघडलेल्या मृत घड्याळांपैकी बहुतेकांना वयाने नव्हे, तर आत विसरलेल्या एका सेलने मारले होते.